कराचीची पदवी, कणकवलीचा पेपर

मागच्या अंकात मुंबई विद्यापीठावर मी लिहिलेल्या लेखावर बरीच पत्रं आली. मी कोकणातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला, पुढे विद्यापीठाच्या इतिहास अभ्यासमंडळावर काम केलं. त्यामुळे काही उत्तरं कागदपत्रांच्या वाचनातून आली आहेत आणि काही बैठकांच्या अनुभवातून. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शेजारचे सिंधी काका उल्हासनगरला येण्याआधी कराचीत होते. त्यांच्या वडिलांची बी.ए.ची पदवी मी पाहिली. कॉलेज कराचीचं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. हे कसं? – एक वाचक, उल्हासनगर

काकांना सांगा, तो कागद नीट जपून ठेवा. या विद्यापीठाचा खरा आकार त्यातून दिसतो.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याचं कार्यक्षेत्र म्हणजे अख्खा मुंबई इलाखा होता. वर सिंध, मध्ये गुजरात, खाली धारवाड-बेळगाव. कराचीचं दयाराम जेठमल कॉलेज 1887 मध्ये सुरू झालं आणि मुंबईला संलग्न झालं. सिंध 1936 मध्ये इलाख्यातून वेगळा प्रांत झाला, तरी तिथली कॉलेजं मुंबईच्याच परीक्षा देत राहिली. सिंधला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1947 मध्ये.

विद्यार्थी कराचीत आणि विद्यापीठ मुंबईत, हे शक्य झालं कारण सुरुवातीचं विद्यापीठ शिकवतच नव्हतं. शिकवायचं ते कॉलेजांनी. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवायचं, परीक्षा घ्यायचं, पदवी द्यायचं. मॅट्रिकची परीक्षासुद्धा विद्यापीठाची होती, एसएससी बोर्ड फार नंतर आलं. हा नमुना लंडन विद्यापीठाचा. 1836 मध्ये सनद मिळालेलं लंडन विद्यापीठ तेव्हा वेगवेगळ्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारी संस्था होतं. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनमधल्या मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांच्या 1854 च्या खलित्यात, म्हणजे सरकारी पत्रात, हिंदुस्थानात अशीच विद्यापीठं काढावीत असं म्हटलं होतं, आणि ते तसंच अमलात आलं.

मग एकेक प्रदेश बाहेर पडत गेला. पुणे, गुजरात, बडोदा आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ ही सगळी 1949 ची. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये आलं, ते पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातून. मुक्तीनंतर गोव्यात निघालेली कॉलेजं मुंबईला संलग्न होती, 1985 मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं आणि तीही गेली. आज उरले आहेत सात जिल्हे: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पणजीतल्या साठ-पासष्टीच्या एखाद्या बाईंकडे मुंबईची पदवी असते आणि तिच्या भाचीकडे गोव्याची, ती यामुळे.

1857 मध्ये एवढा मोठा उठाव चालू असताना इंग्रजांना विद्यापीठं काढायला सवड कशी मिळाली? परीक्षेत याचं उत्तर काय लिहू? – एक विद्यार्थिनी, चिपळूण

प्रश्न चांगला विचारलास. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे खरं, पण विद्यापीठांची तयारी उठावाच्या आधीची. वुडचा खलिता जुलै 1854 चा. त्यावर समित्या नेमल्या गेल्या, मसुदे झाले, आणि कायदे एकामागून एक मंजूर झाले: कलकत्ता 24 जानेवारी 1857, मुंबई 18 जुलै 1857, मद्रास 5 सप्टेंबर 1857. मुंबईचा कायदा मंजूर झाला तेव्हा दिल्लीला वेढा पडलेला होता. म्हणजे कायद्याचं काम आपल्या ठरल्या गतीने पुढे गेलं. परीक्षेत लिहिताना 1854 चा धागा सोडू नकोस, गुण तिथे आहेत.

सरकारचा हेतूही लिही. इंग्रजी शिकलेला, कारभाराला उपयोगी पडणारा वर्ग त्यांना हवा होता, खलिता ते लपवत नाही. पण त्या शिक्षणातून जे निघालं ते सरकारच्या हिशेबात बसणारं नव्हतं.

कसं ते बघ. विद्यापीठाला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती, काम टाउन हॉलमधून चालायचं, आज एशियाटिक सोसायटी आहे तिथून. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन कुलपती, सरन्यायाधीश विल्यम यार्डली कुलगुरू. विद्याशाखा चार: कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी. 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. 132 जण बसले, 22 पास झाले. 1862 मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली, ती चार जणांची: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

ही नावं पाठ करून सोडून देऊ नकोस. तीस-पस्तीस वर्षांत यातले भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी, 1892 मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले होते. रानडे तर विद्यापीठाच्या कारभारात मराठीसाठी झगडत राहिले. सुरुवातीला देशी भाषांना परीक्षेत जागा होती, पण काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून त्या गेल्या आणि संस्कृत, लॅटिन, फारसी या अभिजात भाषा राहिल्या. मराठी, गुजराती, कानडी पुन्हा विद्यापीठात याव्यात म्हणून रानड्यांनी सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेत, वर्षानुवर्षं मांडणी केली. एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांचा शिरकाव होण्याची वेळ आली ती थेट 1901 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत रानडे गेले. रानड्यांच्या कामाची यादी सांगताना सामाजिक परिषद आणि राष्ट्रसभा नेहमी येते, हे काम राहून जातं. मला ते त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक वाटतं.

राजाबाई टॉवर सरकारने बांधला का? – एक वाचक, ठाणे

नाही. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीत 1864 मध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि प्रेमचंद स्वतः बुडाले, पण देणगी विद्यापीठाकडे पोचलेली होती. पायाभरणी 1869 मध्ये, काम पूर्ण 1878 मध्ये. उंची 280 फूट. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी लाख रुपये दिले, ते 1874 मध्ये बांधून झालं. दोन्हींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केले, ते मुंबईला कधीच आले नाहीत.

मुली कधीपासून? – एक वाचक, डोंबिवली

1883 मध्ये विद्यापीठाने परीक्षांची दारं स्त्रियांना उघडली. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. निकालात त्या वरच्या क्रमांकावर होत्या. तो क्रमांक मुलाचा असता तर विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. बाई म्हणून त्यांना ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 मध्ये तिथली बी.सी.एल.ची, म्हणजे कायद्याच्या पदवीची, परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू डॉ. मेहरू बेंगाली. वर्ष 1986. परीक्षेचं दार उघडल्यापासून त्या खुर्चीपर्यंत एकशेतीन वर्षं गेली. माझ्या वर्गात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असायची, आणि दर वर्षी पहिल्या तासाला मी ही दोन सालं फळ्यावर लिहायचे.

मुलगा कणकवलीत बी.ए. करतो. दोन-तीन वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो, पुस्तकं बदलतात, आता मेजर-मायनर आलं. हे सगळं कोण ठरवतं? मंत्री की कुलगुरू? – एक पालक, कणकवली

तुमचा रोख मला कळतो. उत्तर थोडं लांब होईल, पण हे पालकांना माहीत असायलाच हवं.

चौकट वरून येते. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, क्रेडिट, चार वर्षांची ऑनर्स पदवी हा साचा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020, विद्यापीठ अनुदान आयोग आणि राज्य सरकारचे निर्णय यांतून आला. पण तुमच्या मुलाच्या इतिहासाच्या पेपरात शिवकाल किती, गिरणी कामगारांची चळवळ आहे की नाही, संदर्भग्रंथ कुठले, हे मंत्री ठरवत नाहीत आणि कुलगुरूही ठरवत नाहीत. ते अभ्यासमंडळ ठरवतं. आम्ही त्याला बोलण्यात बीओएस म्हणतो. प्रत्येक विषयाचं एक. त्यात विद्यापीठ विभागाचे प्रमुख असतात, महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांतून निवडून आलेले असतात, नेमलेले शिक्षक असतात, बाहेरचे तज्ज्ञ असतात. अभ्यासमंडळाचा मसुदा विद्याशाखेकडे जातो. सध्याच्या कायद्याने, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 ने, विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला अधिष्ठाता. तिथून मसुदा विद्यापरिषदेकडे. विद्यापरिषदेने मान्य केला की तो लागू.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्ष बैठकीत काय होतं ते सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी मंडळावर गेले तेव्हा संदर्भग्रंथांची यादी समोर आली. पंचवीसेक पुस्तकं, बहुतेक इंग्रजी, उत्तम पुस्तकं. मी एकच विचारलं, यातली किती मालवणच्या किंवा देवरुखच्या ग्रंथालयात मिळतील? दक्षिण मुंबईतल्या कॉलेजला विद्यापीठाचं ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या मुलांना झेरॉक्सवाला आणि बाजारातलं गाइड. यादीत मराठी पुस्तकं नसतील तर मुलगा गाइडच वाचणार, आणि मग पेपर तपासणारे म्हणणार की मुलांचं वाचन नाही. त्यावर खूप वेळ चर्चा झाली. मुंबईच्या सहकाऱ्यांनी ऐकून घेतलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मराठी साधनग्रंथ यादीत आले, आणि प्रकल्पाच्या कामात स्थानिक इतिहासाला जागा मिळाली. पुढच्या वर्षी आमच्या मुलांनी आपल्या गावातल्या गिरणगाव पिढीच्या मुलाखती घेतल्या: चाकरमानी, खोल्या, 1982 चा संप, परत आलेली माणसं. त्या वह्या वाचताना मला वाटलं, विद्यापीठ म्हणतात ते हे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर असं: मुलाच्या कॉलेजातल्या शिक्षकांना विचारा, तुमच्या विषयाच्या अभ्यासमंडळावर आपल्या जिल्ह्यातलं कोण आहे? कुणी नसेल तर का नाही? ग्रामीण कॉलेजांतले शिक्षक मंडळावर नसले की अभ्यासक्रम एकाच शहरासाठी लिहिला जातो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. जे टेबलाजवळ बसतात त्यांनाच आपली अडचण दिसते.

अभ्यासक्रम वारंवार बदलतो ही तक्रार मात्र मला अर्धीच मान्य आहे. न बदललेला इतिहासाचा पेपर मुलांचं जास्त नुकसान करतो. बदल जूनच्या तोंडावर कळतो, पुस्तकं हाती येईपर्यंत सत्र अर्धं संपतं, ही तक्रार पूर्ण मान्य.

मुलीच्या कॉलेजला स्वायत्तता मिळाली. तिची पदवी आता कॉलेजची की विद्यापीठाची? – एक पालक, माटुंगा

विद्यापीठाची. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः आखतं, परीक्षा स्वतः घेतं, निकाल स्वतः लावतं. पदवी प्रमाणपत्र मुंबई विद्यापीठाचंच, त्यावर कॉलेजचं नाव येतं. काळजीचं कारण नाही.

पण आणखी एक प्रकार आहे, त्याची गल्लत होऊ देऊ नका. काही कॉलेजं मुंबई विद्यापीठातून बाहेर पडून वेगळ्या विद्यापीठाचा भाग झाली. 2019 मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झालं, त्यात एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज गेली. तिथे आता पदवी त्या विद्यापीठाची. वैद्यकीय महाविद्यालयं त्याही आधी, 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. ज्या एल्फिन्स्टन कॉलेजातून रानडे-भांडारकर बाहेर पडले आणि 1912 मध्ये बाबासाहेब आंबेडकर बी.ए. झाले, ते आज मुंबई विद्यापीठात नाही. माझ्यासारखीला हे लिहिताना जड जातं, तरी चांगल्या कॉलेजला आपला अभ्यासक्रम आपण आखू देणं हे मला योग्यच वाटतं. एका कार्यालयातून शेकडो कॉलेजांचे पेपर काढणं आणि तपासून घेणं यात कुणाचंच भलं नाही.

सिनेटच्या निवडणुकीच्या बातम्या येतात. आम्ही पदवीधर आहोत, आम्हाला कुणी विचारलं नाही. – एक वाचक, पालघर

कारण तुम्ही नोंदणी केलेली नाही. पदवी मिळाली म्हणजे मतदार झालो असं नसतं. निवडणूक येते तेव्हा विद्यापीठ नोंदणीकृत पदवीधरांची यादी तयार करतं, अर्ज मागवतं, तेव्हा अर्ज आणि पदवीची प्रत द्यावी लागते. सिनेटमध्ये, म्हणजे अधिसभेत, नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यातल्या पाच राखीव. प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक यांचेही प्रतिनिधी असतात. अध्यक्ष कुलपती, म्हणजे राज्यपाल.

अधिसभेपुढे विद्यापीठाचं अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण येतं. रोजचा कारभार व्यवस्थापन परिषद बघते, अभ्यासाचं विद्यापरिषद बघते, पण ‘आमच्या जिल्ह्यातल्या उपकेंद्राला किती पैसे ठेवलेत’ हा प्रश्न उघडपणे विचारायची जागा अधिसभा. सात जिल्ह्यांत लाखोंनी पदवीधर आहेत आणि त्यातले फार थोडे नोंदणी करतात. पुढची नोंदणी जाहीर झाली की पालघर, कासा, जव्हारच्या पदवीधरांनी अर्ज भरावेत ही माझी कळकळीची विनंती.

कोकणासाठी वेगळं विद्यापीठ हवं, अशी मागणी आहे. तुम्ही कोकणातल्या. तुमचं मत स्पष्ट सांगा. – रत्नागिरी, लांजा आणि वेंगुर्ल्याहून आलेली पत्रं

स्पष्टच सांगते. मागणीमागचा त्रास खरा आहे. मार्कशीटवरची एक चूक दुरुस्त करायला वेंगुर्ल्याच्या मुलाने पाचशे किलोमीटर जावं, हे चालू देता कामा नये. रत्नागिरीत उपकेंद्र आहे, त्याला अधिकार आणि माणसं द्या, हे काम वेगळ्या विद्यापीठाशिवायही होईल.

वेगळं विद्यापीठ हवंच असेल तर आधी ठरवा, कसलं. नुसतं कार्यक्षेत्र कापून नवं परीक्षा कार्यालय उघडायचं असेल तर आपण 1857 चाच नमुना पुन्हा गिरवू, आणि तो नमुना ज्यांनी दिला त्या लंडनने 1900 मध्येच सोडला. तिथे त्या साली विद्यापीठ शिकवणारं आणि संशोधन करणारं म्हणून नव्याने उभं राहिलं. मुंबईतही 1904 च्या कायद्याने शिकवण्याची वाट मोकळी झाली. 1919 मध्ये समाजशास्त्र विभाग निघाला, पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. 1924 पासून गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणात जन्मलेला हा माणूस, त्याच्या हाताखाली इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास शिकले. 1933 मध्ये रसायन तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, यूडीसीटी म्हणून देशभर नावाजला गेला आणि 2008 मध्ये स्वतःच अभिमत विद्यापीठ झाला. विद्यापीठाचं नाव झालं ते अशा विभागांमुळे.

सोलापूरला 2004 मध्ये एका जिल्ह्याचं विद्यापीठ मिळालं, गडचिरोली-चंद्रपूरला 2011 मध्ये गोंडवाना मिळालं. लहान विद्यापीठ निघू शकतं. आपल्याकडे दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. नसलेलं काय? किनाऱ्याचा आणि खाड्यांचा अभ्यास करणारा विभाग. मालवणी, चित्पावनी, आगरी, कातकरी बोलींची नोंद करणारा विभाग. कातळशिल्पांवर कायमचं काम करणारे पुरातत्त्वाचे लोक. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची ही चित्रं स्थानिक अभ्यासकांनी स्वतःच्या खिशातून पायपीट करून शोधली. आणि एक मोठं ग्रंथालय, जिथे सावंतवाडीची मुलगी सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतू शकेल.

हे तीन विभाग, त्यांतली शिक्षकांची भरलेली पदं आणि ते ग्रंथालय आधी मागा. ते उपकेंद्रात मिळालं तरी चालेल, नव्या विद्यापीठात मिळालं तरी चालेल. मागणीच्या निवेदनात ते लेखी असेल तर माझी सही घ्यायला या.